कोंडवाड्यातली मेल

साखर कारखान्यात मी बावीस वर्षं नोकरी केली, पण उसाच्या कांडक्याला कामासाठी कधी हात लावला नाही. कोपरगाव तालुक्यातला आमचा कारखाना. पाहुण्यांत कुणी विचारलं, 'तुम्ही तिकडे काय करता?' की मी म्हणायचो, 'मेल सर्व्हर सांभाळतो.' समोरचा 'असं, असं' म्हणत चहाच्या कपाकडे वळायचा. माझ्या सासऱ्यांनी तर लग्न ठरताना 'मुलगा कारखान्याच्या पोस्टात आहे' असं भावकीत सांगून टाकलं होतं. मी ते कधी दुरुस्त केलं नाही, कारण ते बरंचसं खरंच होतं.

आता कुठल्याही ऑफिसची मेल कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर असते, ती यंत्रं कुठल्या देशात आहेत हेही कुणाला माहीत नसतं. तेव्हा तसं नव्हतं. आमचं यंत्र आमच्याच खोलीत होतं. लोखंडी कपाटाएवढं, काळं, सतत घोंघावणारं. कारखान्यात कुणी कुणाला मेल पाठवली, अगदी शेजारच्या टेबलावर पाठवली, तरी ती या यंत्रातून जायची.

हंगामात आमच्या गाडीतळावर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रांगेनं उभे असायचे. वजनकाट्यावर एका वेळी एकच गाडी चढणार, तिचं वजन झालं की पुढची. मेलचंही तसंच. प्रत्येक मेल आधी रांगेत उभी राहते. मग फिल्टर नावाचा एक प्रोग्रॅम तिला आत घेतो, उघडतो, जोडलेल्या फायली सोडून बघतो, व्हायरस आहे का तपासतो आणि मजकुरात फसवणुकीच्या खुणा दिसल्या की गुण देतो. शाळेच्या उलट हिशेब, ज्याला जास्त गुण तो नापास. नापास मेल लगेच नष्ट होत नाही. एका वेगळ्या जागी ती महिनाभर पडून राहते आणि मग आपोआप पुसली जाते. त्या जागेला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. आमचे इलेक्ट्रिशियन पठाणभाई, माझ्या खोलीचा एसी आणि बॅटऱ्या तेच बघायचे, त्यांनी एकदा सगळं समजून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी कोंडवाडाच की साहेब. मोकाट जनावर धरायचं आन मालक येईस्तोवर बांधून ठेवायचं." तेव्हापासून आम्ही कोंडवाडाच म्हणायला लागलो.

या कोंडवाड्यापायी माझी बरीच भांडणं झाली. शेतकी विभागातले गाडेकरनाना एकदा तावातावानं खोलीत आले.

"आरं, मला परदेशातून बक्षीस लागलंय आन तुझ्या यंत्रानं आडवलंय म्हनं!"

"नाना, ती फसवी मेल आहे. अशी रोज शंभर येतात."

"शंभर येऊ दे. त्यातली येक तरी खरी आसंल का न्हाई?"

नाना आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण त्यांच्या प्रश्नात तथ्य होतं. फिल्टरला 'अभिनंदन' हा शब्द फार संशयास्पद वाटतो. 'अभिनंदन, तुमची निवड झाली आहे' असं कुणी लिहिलं की तो भराभर गुण देऊ लागतो. चांगली बातमी सहसा खोटी असते, हे त्याला आम्हीच शिकवलेलं असतं.

आता वैशालीबद्दल सांगतो. तिचं खरं नाव वेगळं आहे.

ती कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. मूळची पारनेर तालुक्यातली. वडील, ज्यांना ती आबा म्हणायची, शाळामास्तर. कॉलनीत दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. प्रयोगशाळा आणि माझी खोली यांच्यामध्ये एक लांब व्हरांडा आणि बारा पायऱ्या. उसाच्या रसाचे आकडे ती रोज सकाळी आठला मेलनं सगळ्या अधिकाऱ्यांना पाठवायची. सुरुवातीला तिची फाईल वारंवार अडकायची, म्हणून ती विचारायला आली, आणि मग येत राहिली. उन्हाळ्यात माझी खोली ही साहेबांच्या केबिननंतर कारखान्यातली एकमेव थंड जागा होती. ती म्हणायची, "मी एसीसाठी येते, गैरसमज नको." मी म्हणायचो, "एसीही तसंच म्हणतो."

प्रयोगशाळेतली मंडळी शेगडीवर चहा करायची आणि काचेच्या चंचुपात्रातून प्यायची. पात्रावर मिलिलिटरच्या खुणा असायच्या. वैशाली माझा चहा बरोबर शंभरच्या रेघेपर्यंत ओतायची. चहा उकळला की ती मला मेल करायची. विषयाच्या जागी एकच शब्द, 'चहा'. आत काही नाही. फोन का नाही, तर कारखान्याचा फोन ऑपरेटरमार्फत जायचा आणि ऑपरेटरबाई सगळं ऐकायच्या. मेल मात्र माझ्या यंत्रातून जायची, आणि माझं यंत्र कुणाला काही सांगत नव्हतं. 'चहा' निघाल्यापासून दोन सेकंदांत माझ्या पडद्यावर यायचा आणि मी बारा पायऱ्या उतरून जायचो.

एवढंच होतं. याहून जास्त काही नव्हतं, हे मी आजही प्रामाणिकपणे सांगतो. आम्ही एकमेकांना 'अहो-जाहो' करायचो. ती मला शिरसाठ म्हणायची, मी तिला मॅडम.

त्या हंगामात, ऐन गर्दीच्या दिवसांत, एका सोमवारी सकाळी चहाची मेल आली नाही. मी अकराला स्वतःच गेलो. ती पात्रं धूत होती.

"आज रुसलात काय? दहालाच बोलावलं होतं."

"मेल आली नाही."

"मी पाठवली."

मी परत आलो. ती मेल दुपारी एकला आली. तीन तास लागले होते, बारा पायऱ्यांना. दुपारपर्यंत सगळ्या खात्यांतून ओरड सुरू झाली. विक्री विभागाची पत्रं लटकली, शेतकी विभागाच्या याद्या लटकल्या, कार्यकारी संचालकांनी बोलावून घेतलं. "शिरसाठ, पोस्टकार्ड लवकर पोचेल."

पहिला दिवस मी टेलिफोनच्या लाईनला दोष देण्यात घालवला. माणूस आधी बाहेरच्याला दोष देतो. लाईन ठीक होती. मंगळवारी बघितलं तर रांगेत शेकडो मेल उभ्या होत्या, आणि फिल्टर एका वेळी दोनच तपासत होता. मला वाटलं, सापडलं. काटे वाढवले की रांग हलेल. मी दोनाचे थेट वीस केले. दहा मिनिटांत यंत्राचा श्वास कोंडला. एवढं सगळं एकदम पेलायची त्याच्यात ताकदच नव्हती. होती ती कामंही थांबली. पठाणभाई धावत आले, कपाटाला हात लावून म्हणाले, "साहेब, लई तापलंय. काय खायला घातलं याला?" यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावं लागलं. मंगळवार असा गेला.

बुधवारी सकाळी मी शहाण्यासारखा बसलो. यंत्र आपल्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवतं, अमुक मेल इतक्या वाजता आत घेतली, इतक्या वाजता सोडली. ती नोंद वाचणं हेच खरं आमचं काम. पण ते कंटाळवाणं असतं म्हणून आपण शेवटी करतो. ओळीमागून ओळ वाचत गेलो तेव्हा दिसलं की व्हायरसची तपासणी क्षणात उरकत होती, मजकुराचीही उरकत होती, आणि मग प्रत्येक मेल जवळपास मिनिटभर नुसती उभी होती. काहीही न होता.

फिल्टर तेव्हा बाहेरच्या काही याद्यांना विचारायचा, 'हा पाठवणारा बदनाम आहे का?' जगात कुणीकुणी अशा याद्या फुकट चालवायचे. त्यातली एक यादी चालवणाऱ्यांनी काम बंद केलं होतं. तशी सूचना त्यांनी आधी दिली होती, ती मी वाचली नव्हती. आमचा फिल्टर प्रत्येक मेलमागे त्यांना विचारत होता, उत्तराची वाट बघत होता, आणि मिनिटभरानं नाद सोडून पुढं जात होता. मी त्या यादीचं नाव काढलं. एक ओळ. काटे दोनाचे चार केले, वीस नाही. फिल्टर पुन्हा सुरू केला. मेल दोन सेकंदांत सुटू लागली. अर्ध्या तासात रांग साफ झाली, आणि दोन दिवसांचे चहा माझ्या पडद्यावर एकामागून एक येऊन पडले. शेवटच्या मेलच्या विषयात लिहिलं होतं, 'चहा. आता शेवटचं विचारते.'

मी एकटाच हसलो. त्या क्षणी मला माझ्या कामाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कधी वाटला नाही.

मग दुपारी कोंडवाडा तपासायला घेतला. अशा गोंधळानंतर तो बघावाच लागतो, खरी मेल चुकून अडकलेली असते. आमच्या धंद्याचा एक नियम आहे. पाकीट बघायचं, पत्र वाचायचं नाही. कोणाकडून, कोणाला, विषय काय, एवढंच. बक्षिसं, औषधं, बँकांच्या नावानं आलेल्या धमक्या असं बघत खाली गेलो आणि वैशालीचा पत्ता दिसला. पाठवणारी दक्षिणेतली एक ऊस संशोधन संस्था. विषय, 'अभिनंदन. नेमणुकीबाबत.'

तिनं तिथं मुलाखत दिली होती, मला माहीत होतं. महिन्यापूर्वी दोन दिवस रजा काढून गेली होती. अर्जावर तिनं प्रयोगशाळेचाच मेलपत्ता दिला होता, कारण तो ती दिवसभर उघडा ठेवायची. मेल सोमवारी आली होती, रांगेत रखडली होती, आणि मंगळवारी फिल्टरनं तिला नापास करून कोंडलं होतं. बरोबरच होतं त्याचं. एवढी चांगली बातमी त्याच्या मते खरी असणं शक्य नव्हतं.

सोडायला एक बटण दाबायचं होतं. बोट तिथंच राहिलं.

मी स्वतःशी कारणं सांगितली. आधी खात्री करू, संस्था खरी आहे ना. आताच फिल्टर सुरू केलाय, उगाच छेडायला नको. उद्या सगळंच एकदम सोडू. प्रत्येक कारण कामाचं होतं आणि प्रत्येक खोटं होतं. हेही मनात आलं की काहीच केलं नाही तर महिन्यानं ती मेल आपोआप नष्ट होईल, आणि कुणाला, तिलाही, कधी कळणार नाही. एवढं मनात आल्यावर मला माझीच भीती वाटली. तरी मी बटण दाबलं नाही. पाचला खोलीला कुलूप लावून घरी गेलो.

गुरुवारी सकाळी दहाला 'चहा' आला. दोन सेकंदांत. मी खाली गेलो. तिनं शंभरच्या रेघेपर्यंत चहा ओतला आणि म्हणाली, "यंत्र सुधारलं म्हणायचं."

"हो. सगळं साफ केलं."

"सगळं आलं ना? कुठं काही राहिलं नाही?"

"का?"

"काही नाही हो. त्या संस्थेचं उत्तर आलं असेल असं वाटलं होतं. मुलाखत चांगली झाली होती. त्यांनी दुसरं कुणी घेतलं असणार." ती पात्राकडे बघत होती. "आबांना सांगून बसले ना मी. ते रोज फोनवर विचारतात, आणि मी रोज सांगते, सर्व्हर बंद आहे."

मी चहा अर्धा ठेवून उठलो. बारा पायऱ्या चढलो, कोंडवाडा उघडला आणि मेल सोडली. घड्याळात साडेदहा झाले होते. ती मेल त्याआधी दोन दिवस यंत्रामुळे अडकली होती. त्यानंतरचा एक दिवस यंत्राचा नव्हता, माझा होता.

पाच मिनिटांत ती धापा टाकत वर आली. पहिल्यांदाच दार न वाजवता.

"शिरसाठ! आली! कुठं होती ही?"

"फिल्टरनं अडकवली होती. सोमवारी आली होती."

हे खरं होतं. म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

"तुम्ही शोधली म्हणून. नाहीतर गेलीच होती." तिनं पत्राची प्रत काढून आणली होती, ती माझ्यासमोर धरली. "पण बघा ना, होकार उद्यापर्यंत कळवायचा. आणि सोमवारी सकाळी तिथं हजर व्हायचं. म्हणजे उद्या दुपारी इथून निघून गावाला, शनिवारी नगरहून गाडी. कसं जमणार सगळं?"

"जमेल," मी म्हणालो.

शुक्रवारी ती प्रत्येक खात्यात सह्या गोळा करत फिरली. नोकरी सोडणाऱ्याला एका फॉर्मवर सगळ्यांच्या सह्या लागत. संगणक विभागाची जागा शेवटची होती. ती दीडला आली, खांद्यावर पिशवी, खाली पठाणभाई मोटारसायकल सुरू ठेवून उभे, तेच तिला एसटी स्टँडवर सोडणार होते. मी त्या रकान्यात 'हरकत नाही' असं लिहिलं आणि सही केली.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

ती क्षणभर थांबली. "शिरसाठ, मला..." खालून भाईंनी हाक मारली, "ताई, यष्टी जाईल हां!" ती म्हणाली, "पोचल्यावर मेल करते," आणि गेली. पायऱ्या उतरतानाचा तिचा आवाज मी मोजला. बारा.

पोचल्यावर तिनं मेल केली, चार ओळींची. मी उत्तर दिलं. मग दिवाळीला एकेक, मग तेही थांबलं. दोन हंगामांनंतर तिच्या लग्नाची पत्रिका प्रयोगशाळेच्या नावानं आली. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मला कुणावर रागावण्यासारखं काही घडलेलं नाही. पण कित्येक वर्षं सकाळी दहाच्या सुमारास माझी नजर पडद्यावर जायची, हे लिहायला हवं.

पाच वर्षांपूर्वी कारखान्यानं मेल बाहेरच्या कंपनीकडे दिली. बरंच झालं, सोयीचं आहे, यंत्र तापत नाही. माझं कपाट भंगारवाल्यानं नेलं तेव्हा पठाणभाई निवृत्त झाले होते, तरी मुद्दाम आले होते. आम्ही दोघं व्हरांड्यात उभे राहिलो. "घोंघाट गेला साहेब," ते म्हणाले, "आता करमायचं न्हाई तुमाला." पुढं दोन वर्षांत मीही बाहेर पडलो. आता मेल उशिरा आली तर लोक थोडा वेळ वाट बघतात आणि विसरतात. कुठं अडकली, कुणामुळे अडकली, हे विचारायला दार वाजवावं अशी खोली उरली नाही. मला त्या खोलीची आठवण येते. लोक तक्रार घेऊन यायचे, पण यायचे.

हा लेख लिहायचा ठरला तेव्हा मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतल्यावर म्हणाली, "आधी त्यांना फोन करा. पत्र त्यांचं होतं, तुमचं नाही."

प्रयोगशाळेच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर नंबर होता. मी रविवारी दुपारी फोन लावला. आवाज तोच, मराठी किंचित बदललेली. मुलगी बारावीला आहे, आबा गेले, संस्थेत ती आता विभागप्रमुख आहे. दहा मिनिटं असं बोलणं झाल्यावर मी सांगितलं.

"मॅडम, तुमची ती नेमणुकीची मेल मला बुधवारी दुपारीच सापडली होती. मी गुरुवारी सोडली."

"का?"

इतक्या वर्षांत मी या प्रश्नाची चांगली चांगली उत्तरं तयार केली होती. तोंडातून आलं ते एवढंच. "तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं."



मग ती म्हणाली, "शिरसाठ, मी त्या पत्राला दोन ओळींत होकार कळवून टाकला. विचार करायला वेळच नव्हता. सह्या, सामान, गाडी. एक दिवस हातात असता तर मी आधी तुमच्याकडे आले असते."

"कशाला?"

"जाऊ का, असं विचारायला."

"मी काय सांगितलं असतं?"

"ते मला कसं माहीत असणार?" ती हसली. हसणं जुनंच होतं. "लेख लिहा तुम्ही. नाव तेवढं बदला."

मी फोन ठेवला. उत्तर मला माहीत होतं, शोधावं लागलं नाही. मी 'जा' म्हणालो असतो. एवढी चांगली संधी, मास्तरांची मुलगी, आणि दुसरं काही म्हणायची तेव्हा माझी हिंमत नव्हती. मी 'जा' म्हणालो असतो आणि ती गेलीच असती.

पण विचारायला आली असती.